बेलोऱ्याचं विमान

वडील गेले त्याच्या तेराव्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं अमरावतीच्या घरात बसलो होतो. आई, माझा धाकटा भाऊ आणि मी. पाहुणे परतले होते, मांडवाचे बांबू अजून अंगणातच पडलेले होते. प्रश्न एकच होता, आता आईने कुठे राहायचं. भाऊ मुंबईला. दोघंही नवराबायको नोकरीवर जाणारे, घर लहान, त्यामुळे तो विषय कोणी काढलाच नाही. मी अकोल्याला. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून माझ्याकडची एक खोली रिकामीच होती.

मी म्हटलं, "आई, तू माह्याकडं चाल."

आई काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "ताई, घाई नको करू. बेलोऱ्याचं विमानतळ होतंय. धावपट्टी वाढवायचं काम सुरू आहे. एकदा ते झालं की मुंबई-अमरावती पावणेदोन तास. महिन्यातून एकदा मी नक्की येणार. आई अकोल्याला गेली तर मला पुन्हा रेल्वे आली, नाहीतर बेलोऱ्याला उतरून पुढे गाडी."

रेल्वे तेव्हाही होती. मुंबईत रात्री बसायचं, झोपायचं, सकाळी बडनेऱ्याला उतरायचं. बडनेऱ्याहून आमचं घर रिक्षाच्या अंतरावर. पण त्या दिवशी मी हे बोलले नाही. आईचा चेहरा तेरा दिवसांत पहिल्यांदा जरा उजळला होता.

"हाव, मंग मी इथंच बरी," ती म्हणाली. "तो येईन तं घर उघडं पायजे."

अशी माझी आई एका न झालेल्या विमानतळासाठी अमरावतीत एकटी राहिली, आणि मी दर रविवारी बसने अकोल्याहून अमरावतीला जायला लागले.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढते. सोमवार ते शनिवार सकाळी लवकर हजर राहावं लागतं, कारण उपाशीपोटी येणारे लोक थांबायला तयार नसतात. सुट्टी फक्त रविवारची. त्या दिवशी पहाटे उठून नवऱ्याचा स्वयंपाक करून ठेवायचा आणि बस स्टँड गाठायचा. तेव्हा हायवेचं काम रखडलेलं होतं. बोरगाव मंजूपासून बस जी हादरायला लागायची ती मूर्तिजापूरच्या पुढेपर्यंत. खड्ड्यातून बाहेर पडताना माणसं एकमेकांच्या अंगावर जायची. धूळ इतकी की बडनेरा यायच्या आधी मी पदराने तोंड पुसायची आणि पदर काळा व्हायचा. घरी पोचले की आई दारातून म्हणायची, "आली का वं? आज उशीर केला."

मग मी तिचं रक्त काढायची. शुगरसाठी. आईच्या शिरा बारीक, दुसऱ्या कोणाला सापडत नसत. घर झाडायचं, आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून ठेवायच्या, तिचे केस धुवायचे, दोन वेळचा स्वयंपाक करायचा, आणि संध्याकाळची बस. ती बस बहुतेक वेळा उभ्याने.

बाकीचे सहा दिवस शेजारच्या चाचीच्या भरवशावर. चाची म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली विधवा बाई. घरी शिवणकाम करायची. आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असायची. सकाळी आईचा दिवा लागला नाही तर ती भिंतीवर वाटीने ठोकायची. आई आतून ठोकायची. एवढ्याने माझं सहा दिवस निभायचं.

भाऊ वाईट होता असं मी म्हणणार नाही. फोन रोज करायचा. इन्व्हर्टर बसवून दिला, मोठा टीव्ही पाठवला, आईच्या गोळ्या ऑनलाइन मागवून द्यायचा. फक्त यायचा नाही. दिवाळीला एकदा यायचा, तेही भाऊबीज करून लगेच परत. आणि प्रत्येक फोनवर विमानतळाचं काहीतरी असायचंच. आईही पेपरात तेच शोधायची. शेताच्या, पाण्याच्या बातम्या सोडून ती धावपट्टीच्या बातम्या वाचायची. आता दिवे बसवून राहिले, आता भिंत बांधून राहिले. तारीख जाहीर व्हायची, टळायची. आई म्हणायची, "सरकारी काम हाये, येळ लागतेच." माझी बस अर्धा तास उशिरा आली तर मात्र तिला कारण सांगावं लागायचं.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. बाहेरच्या खोलीत फोन वाजला. भावाचाच होता. आई मोठ्याने बोलते, तिला ऐकू कमी येतं म्हणून. मला सगळं ऐकू येत होतं.

"जेवली नाई अजून... नाई बा, कोणीच नाई. एकटीच हावो."

भाकरी तव्यावर होती. ती मी उलटली आणि पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर गेले.

"आई, मी काय दिसत नाई का तुले?"

तिने फोनवर हात ठेवला. "तू वं? तू तं नेहमीचीच हायेस." आणि परत फोनवर, "काही नाई रे, ताई हाये. तू बोल."

मी आत जाऊन उरलेल्या भाकऱ्या केल्या. त्या दिवशी संध्याकाळच्या बसमध्ये मला जागा मिळाली होती, खिडकीजवळची. मूर्तिजापूरपर्यंत मी रडले आणि पुढे अकोल्यापर्यंत डोळे मिटून बसले. घरी नवऱ्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. रस्ता तेव्हा नुकताच नवा झाला होता, धूळ नव्हती. त्याने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

शेवटी बेलोऱ्याला विमान आलं. आठवड्यातून तीन दिवस, मुंबईचं. पहिल्या दिवशी चाचीने मला लॅबमध्ये फोन केला. तिच्या आवाजात कौतुक होतं. "बेटा, अम्मा छत पे चढ गई हैं. मैं बोली गिर जाओगी, सुनती नहीं. हवाई जहाज देखना है बोलती."

आईचे गुडघे संपलेले. जिना लोखंडी, उभा. ती वर कशी गेली देव जाणे. संध्याकाळी मी फोनवर रागावले तर म्हणाली, "अवं, लय खालतून गेलं. पंखेवालं हाये. लहानसंच हाये, पण हाये."

त्या रात्री तिने भावाला विचारलं, कधी येतोस. तो म्हणाला, बघतो, या महिन्यात ऑडिट आहे. पुढच्या महिन्यात मुलाची परीक्षा निघाली. मग भावजयीच्या माहेरी लग्न. आई प्रत्येक वेळी "बरं, बरं" म्हणायची. विमान मात्र ठरलेल्या दिवशी यायचं. आई अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि ते उतरेपर्यंत आत जायची नाही.

तो आला पावसाळ्यात. शुक्रवारी. फोनवर त्याने सांगितलं की ऑफिसचे मित्र सोबत आहेत, चिखलदऱ्याला चाललेत, जाताना घरी थांबू. आईने एवढंच ऐकलं, घरी थांबू. मी त्या दिवशी लॅबमधून रजा घेतली. आईने सकाळपासून स्टुलावर बसून पाटोड्या केल्या. बेसन घोटायला मला हात लावू दिला नाही. रस्स्यासाठी खसखस वाटून घेतली, कढीपत्ता चाचीच्या झाडाचा आणला. आठ माणसांना पुरेल एवढं पातेलं झालं.

मोठी गाडी दारात थांबली. भाऊ उतरला, आईच्या पाया पडला. त्याचे तीन मित्र उतरले. एकाने घड्याळ बघत म्हटलं, "काकू, काय जवळ आहे हो तुमचं गाव. मुंबईत आम्हाला ऑफिसला जायला याहून जास्त वेळ लागतो." सगळे हसले. आईही हसली.

ते जेवून आले होते. विमानतळाजवळच कुठेतरी. परतवाड्याच्या पुढे घाट आहे, अंधार व्हायच्या आत चढायचा, म्हणून ड्रायव्हर घाई करत होता. त्यांनी चहा घेतला. भावाने उभ्या उभ्या एक पाटोडी तोंडात टाकली आणि म्हणाला, "वा, आई, तीच चव." मग आईला मध्ये बसवून फोटो काढला.

"सोमवारी परत जाताना येतो. तेव्हा जेवतो सावकाश," तो गाडीत बसता बसता म्हणाला.

त्या एका वाक्यावर आईने मला सोमवारपर्यंत थांबवून घेतलं. मी लॅबमध्ये शनिवार आणि सोमवार असे अजून दोन दिवस मागितले. मालकांनी रजेच्या वहीत दोन्ही तारखा लाल शाईने लिहिल्या. सोमवारी पुन्हा पाटोड्या केल्या. दुपारी भावाचा फोन आला. परतवाड्यात गाडीचं टायर बसलं, खूप वेळ गेला, आता थेट बेलोऱ्यालाच जावं लागेल. आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं.

विमानाचा आवाज आला तेव्हा आई मला न विचारता जिन्याकडे निघाली. मी मागून तिला धरून वर नेलं. आभाळ भरलेलं होतं. विमान ढगात शिरायच्या आधी थोडा वेळ दिसलं. आईने पदर हातात धरून हलवला. मी तिच्याकडे बघितलं नाही. शेजारच्या गच्चीवर चाची वाळत घातलेले कपडे काढत होती. तिने आम्हाला बघितलं आणि कपडे तसेच दोरीवर ठेवून खाली गेली.

खाली आल्यावर मी म्हटलं, "आई, चाल. आपणच जाऊ."

"कुठं?"

"त्याच्याकडं. विमानानं. तुले बसवतो मी विमानात."

ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "कोणतं लुगडं नेसू?"

मी तिकिटं काढली. भावाला आदल्या दिवशी सांगितलं, मुद्दाम. तो म्हणाला, "आधी सांगायचं ना, ताई. बरं, या. बघू."

आई पहिल्यांदाच विमानात बसत होती. तिला खिडकीजवळ बसवलं. पट्टा लावताना तिने माझा हात बाजूला केला आणि हवाई सुंदरीकडून लावून घेतला. विमान उचललं तेव्हा तिने समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. खाली काळी वावरं, त्यात पाण्याने भरलेले पट्टे, एक रेल्वेचा रूळ. तिने घर शोधलं, सापडलं नाही. मग ढगच ढग. तिला चहा हवा होता, तो घेतला. थोडी डुलकी काढली. तेवढ्यात कानात दडे बसले आणि उतरण्याची सूचना झाली.

"काय म्हनते ते?" आईने विचारलं.

"मुंबई आली."

"आली? एवढंच?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. चाकं टेकल्यावर म्हणाली, "लय जवळ हाये वं."

विमानतळावरून भावाच्या घरी जायला टॅक्सीला विमानापेक्षा जास्त वेळ लागला. घोडबंदर रोडवर गाड्या उभ्याच्या उभ्या होत्या. आई पिशवीतल्या डब्यावर हात ठेवून बसली होती. डब्यात काय होतं ते सांगायला नको.

भावजयीने चांगलं केलं आमचं. स्वतःची खोली दिली, आईला गरम पाण्याची पिशवी दिली. भाऊ ऑफिसमधून आला, आईजवळ बसला, तिचे गुडघे दाबले. मग मोबाइल काढून म्हणाला, "परतीचं बघून ठेवतो. शुक्रवारचं मिळतंय, नाहीतर मग सोमवार. सोमवारी मी इथे नसेन."

आम्ही बुधवारी पोचलो होतो. आमची बॅग अजून उघडलेली नव्हती.

"शुक्रवारचं कर," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भावजयीला पोळ्या लाटून देत होते. आई टीव्हीसमोर होती. भावजय सहज म्हणाली, "ताई, मी यांना नेहमी म्हणते, नागपूरला महिन्यातून एकदा जाताच आहात तर एक दिवस जास्त काढून आईंकडे जाऊन या. पण तुम्हाला तर माहीत आहे, ऑफिसवाले सोडत नाहीत."

मी पोळी लाटत राहिले. "किती वर्षं झाली गं त्या नागपूरच्या कामाला?"

"बरीच झाली. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षीपासून." आणि मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा हात थांबला. ती वाईट बाई नाही. तिला वाटत होतं आम्हाला ठाऊक आहे.

भाऊ बाल्कनीत झाडांना पाणी घालत होता. मी जाऊन त्याच्याजवळ उभी राहिले.

"नागपूरले येतेस तू?"

तो दचकला नाही. त्याने झारी खाली ठेवली. "ताई, कामाला येतो मी. सकाळच्या विमानाने येतो, संध्याकाळच्या विमानाने परत."

"दर महिन्याले?"

"जवळपास. अगं, नागपूरहून अमरावती तीन तास. तीन जायला, तीन यायला. दिवस संपला."

"माहा रविवार असाच संपते. इतक्या वर्षांपासून."

"तुझं वेगळं आहे."

"काहून वेगळं हाये?"

"तू जवळ आहेस." तो खरोखर मला समजावून सांगत होता, लहान मुलाला सांगावं तसं. त्याने मोबाइल काढला, काहीतरी टाइप केलं आणि पडदा माझ्यापुढे धरला. "हे बघ. अकोला विमानतळ ते अमरावती विमानतळ, हवाई अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. विमानाचा वेळ पंधरा-वीस मिनिटं. आणि मुंबईहून बघ किती आहे. तुलना कर ना तूच."

मी तो पडदा वाचला. खरंच तसं लिहिलेलं होतं. दोन गावांच्या मध्ये एक वाकडी निळी रेघ काढलेली होती, आणि रेघेवर एक छोटंसं विमान.

"अकोल्याहून विमान उडते का रे?" मी विचारलं.

"नाही गं, शिवणीची धावपट्टी आहे नुसती. मी फक्त अंतर सांगतोय."

"मी त्या अंतरानं येत नाई. मी मूर्तिजापुरावरून येतो. उभ्यानं."

तो हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. "ताई, तू कायम हिशोब का करतेस? आईने कधी तक्रार केली का माझी?"

आईने खरंच कधी केली नव्हती. मी आत आले आणि उरलेल्या पोळ्या भाजल्या.

शुक्रवारी तो आम्हाला विमानतळावर सोडायला आला. आईला व्हीलचेअर मिळवून दिली, तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, काचेपलीकडून आम्ही दिसेनासे होईपर्यंत हात हलवत राहिला. माणूस प्रेमाने वागतो आणि तरी त्याची चीड येते, हे किती थकवणारं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

बेलोऱ्याला उतरलो. चाचीच्या भाच्याची रिक्षा घ्यायला येणार होती, ती अजून आली नव्हती. इमारतीबाहेर सावलीत आईला बसवलं. आमच्यासोबत उतरलेली माणसं आपापल्या गाड्यांनी निघून गेली. मला आता ते पोटात ठेवणं शक्य नव्हतं.

"आई, एक सांगतो. चिडजो नको. तो नागपूरले येते. दर महिन्याले. विमानानं."

आई पदराने चष्मा पुसत होती. पुसतच राहिली.

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. नागपुरातूनच फोन केला होता त्यानं. म्हने, आई, ताईले सांगू नोको, ते चिडते."

"मंग तू मले काहून नाई सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं? तू भांडली असती त्याच्याशी. मंग त्यानं फोनही बंद केला असता."

"अन् मी? मी बंद केलं असतं तं? मी येनं बंद केलं असतं तं, आई?"

तिने चष्मा घातला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत लबाडी नव्हती, दयाही नव्हती. "तू नसतं केलं," ती म्हणाली. "हे मले ठाऊक होतं."

मी उठून थोडी दूर गेले. समोर तारेचं कुंपण होतं, त्यापलीकडे तुरीचं वावर. त्या कुंपणाला धरून मी उभी राहिले. मागून आई बोलत होती, मला का स्वतःला ते कळत नव्हतं. "इमान नोतं तवा बरं होतं. कोणी इचारलं, पोरगा काहून येत नाई, तं सांगता येत होतं. इमानतळ होऊन राहिलं, झालं का येईन. आता सारखं डोक्शावरून जाते. चाची काही म्हनत नाई, पन तिले दिसते नं. तिले काय सांगू मी?"

रिक्षा आली. आईला बसवलं. रस्त्यात ती म्हणाली, "मले अकोल्याले घेऊन चाल. नाई राहात मी इथं."

जे मला इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं होतं, आणि माझ्या मनात आनंदाचा टिपूसही नव्हता. पण मी तिला नेलं. चाचीने आईला मिठी मारली, दोघी रडल्या. आईने आपली पितळी ताट-वाटी तिला देऊन टाकली. घराला कुलूप लागलं. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं, ताई. तुझीही धावपळ वाचली." त्याच्या आवाजात सुटका स्पष्ट ऐकू येत होती.

अकोल्यात आई रुळली. खोलीत ऊन येतं, नवरा तिला रोज पेपर वाचून दाखवतो, खालच्या मजल्यावरची बाई संध्याकाळी तिच्याशी बोलायला येते. ती बाई बार्शीटाकळीची. बोलकी आहे, तिचे स्वतःचे दोन्ही मुलगे पुण्याला असतात.

एक दिवस मी लॅबमधून आले तेव्हा दोघी व्हरांड्यात बसल्या होत्या. मी चपला काढत होते. आई सांगत होती, "अमरावतीले होतो तं दर महिन्याले आला असता माहा पोरगा. तिथं इमान हाये. पन इथं अकोल्याले कुठं इमान हाये बाई? कसा येईन तो?"

खालची बाई म्हणाली, "हाव नं. शिवणीचं सुरू झालं तं बरं होईन."

"तेच म्हनतो मी," आई म्हणाली. तिचा आवाज किती तरी दिवसांनी मोकळा वाटत होता.

तेव्हा मला समजलं की ती माझ्याकडे का आली. ती माझ्याकडे आलीच नव्हती. ज्या गावात विमान येत नाही अशा गावात ती आली होती. चप्पल हातात घेऊन मी किती वेळ तिथे उभी होते ते आठवत नाही. खालची बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, भाऊ तुमचा एकदाही नाई आला नं इकडं? इमानाशिवाय लय लांब पडते का त्यांना?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. एवढंसं वाक्य होतं, आणि आजवर तिच्यासाठी मी त्याहून कितीतरी मोठं केलं होतं.

"त्याले लांब पडत नाई काही," मी म्हटलं. "तो येतच नाई."

खालची बाई गडबडली, गॅसवर दूध ठेवलंय म्हणून उठून गेली. आई तशीच बसून राहिली. मी हातपाय धुतले, चहा केला, तिच्यापुढे ठेवला. तिने घेतला नाही. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. रक्त काढायला हात पुढे करायची, पण तोंड भिंतीकडे. पाचव्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणाली आणि बोलणं सुरू झालं.

खालची बाई आता येते, पण मुलांचा विषय काढत नाही. तिचे मुलगेही दिवाळीला आले नाहीत. दोघी टीव्ही बघतात. भावाचा फोन रोज येतो. आई फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. आता आवाज बारीक ठेवते. काय बोलते ते मला ऐकू येत नाही, आणि ऐकायचंही नाही. मी तेवढ्या वेळात दुसऱ्या दिवशीच्या डाळीला पाणी घालते.